कपाटावरचा कॅमेरा आणि माझी खुर्ची

आमच्या बोर्डीत खजुरीखाली हडळ पाहिलेली माणसं बरीच आहेत. मी त्यांना चहा देते आणि विषय बदलते. माझा अशा कशावर विश्वास नव्हता, आजही नाही असंच म्हणेन... पण हे एकदा लिहून टाकते.

माझं वय अडुसष्ट. घरामागे चिकूची वाडी, वाडीच्या टोकाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या. आमचे हे अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणावर. मी वाडीत असले तरी नजर राहावी म्हणून यांच्या खोलीत कपाटावर कॅमेरा लावला, फोनवर दिसतो. एकदा एक पाहुणी म्हणाली, "काकू, माझ्या फोनवर काका खोकतायत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वायफाय सगळ्यांना एकच, कॅमेऱ्याला पासवर्डही नव्हता.

मग व्हिडिओ बघून बघून व्हीलॅन शिकले. राउटर एकच, पण आत वेगळे भाग पाडायचे — पाहुण्यांचा एक, घरचा एक, कॅमेऱ्याचा एक. परवानगीशिवाय इकडचं तिकडे जात नाही. मला ते वाडीच्या पाण्यासारखंच वाटलं. मोटर एक, पाइप एक, प्रत्येक तुकड्याला पाणी सोडा-बंद करायला आपला वॉल. हे पडल्या पडल्या ऐकायचे. जीभ जड झालीय, पण टोमणा स्पष्ट — "आता घरात टेलिफोन एक्स्चेंज काढ."

"काढते. तुम्ही ऑपरेटर व्हा."

एका दुपारी पाहुण्यांची एक खोली रिकामी होती, तिथे लॅपटॉप घेऊन बसले. आणि चुकले. पाण्याची पाळी बदलताना आम्ही आधी सगळे वॉल बंद करतो, मग हवा तो उघडतो. हाताच्या सवयीने इथेही आधी सगळं बंद केलं आणि सेव्ह केलं. त्यात माझा लॅपटॉपही आला... आता उघडणार कुठून? कॅमेराही गेला. राउटर घरात. जाऊन रिसेट करायचा, एवढंच काम. पण उठवेना. तीन वर्षांचा शीण असा एकदम गुडघ्यात येतो. म्हटलं, पाच मिनिटं बसू.

तेवढ्यात टेबलावरच्या फोनवर चित्र आलं. हे पलंगावरून अर्धे घसरलेले, डोकं खाली, एक हात चादरीला. मी धावले. पोचले तेव्हा ओठ निळे पडत होते. कसंबसं वर ओढलं, पाठ चोळली, तेव्हा श्वास परत सुरू झाला.

दोन दिवसांनी तलासरीहून नेटचं काम करणारे जिग्नेशभाई आले. सगळं तपासलं. "एवुं ना थाय, मासी. असं होणारच नाय. कॅमेरा तेव्हा बंदच होता. आणि त्या खोलीत मोबाइलची रेंज पण नाय." फोनमध्येही त्या वेळचं काही सापडलं नाही.

त्यांना मी एक गोष्ट सांगितली नाही. कॅमेरा वरून बघतो, त्यात यांचं टक्कल दिसतं. त्या चित्रात यांचा चेहरा जवळून होता. पलंगाशेजारी माझी खुर्ची आहे, तिथून दिसतो तसा.

शेवटी यांनाच विचारलं, "तेव्हा खोलीत कोण होतं हो?"

हे वैतागले. "तूच होतीस की. खुर्चीत. नुसती बघत होतीस. उठत का नव्हतीस?"

व्हीलॅन आता नीट चालतात. याचा उलगडा मात्र मला झालेला नाही. हे अजून मधेच तेच विचारतात, उठत का नव्हतीस म्हणून. मी म्हणते, दमले होते हो.