लिफ्टमधला बडबड्या

इस्त्रीवाली वहिनी गल्लीच्या नजरेत पहिल्यांदा भरली, तेव्हा लग्न होऊन ती नुकतीच आली होती. कपड्यांचं गाठोडं ठेवून निघालेल्या गिऱ्हाइकाला तिने दारातच अडवलं. "आणि अंगातला शर्ट? तोही उतरवून ठेवा. असल्या चुण्या मला बघवत नाहीत." गिऱ्हाईक आधी हसलं, मग शर्टाची बटणं काढायला लागलं. वहिनी थट्टा करत नव्हती.

शेजारी घड्या घालत असलेला तिचा नवरा काहीच बोलला नाही. पुढेही त्याला फारसं बोलताना कुणी ऐकलं नाही. गल्लीने त्याला 'मौनी भाऊजी' करून टाकलं. लग्नाआधी तो मोठ्या शहरात, एका उंच इमारतीत लिफ्ट चालवायचा, एवढंच वहिनीला ठाऊक होतं.

यंदा मुलीच्या हट्टापायी एक दिवस दुकान बंद ठेवून तिघं ते शहर बघायला गेले. स्टेशनाबाहेर पाऊल पडलं आणि भाऊजींच्या तोंडाचं कुलूप निघालं.

"हे घड्याळ बघितलंस? कायम मागे. ह्याच्यावर विसंबून मी पहिल्याच दिवशी कामावर उशिरा पोचलो!"

मुलगी खिदळली. मग पुलावर एक गोष्ट, बागेच्या फाटकाशी दुसरी, संग्रहालयाच्या पायऱ्यांवर तिसरी. बाप हातवारे करत पुढे, लेक त्याला चिकटून, आणि डबा-पाण्याची पिशवी सांभाळत वहिनी मागे. शहर देखणं होतं, नाही असं नाही. पण तिला त्याचा एकेक दगड सवतीसारखा दिसायला लागला. हा माणूस इथे एवढा फुलतो, मग आपल्या घरी येऊन कोमेजतो की काय?

दुपारी ते त्या इमारतीशी आले. वरच्या गच्चीतून सगळं शहर दिसायचं. तळमजल्याच्या कॅन्टीनमधून एक पिकल्या केसांची बाई ओरडली, "अरे बडबड्या! जिवंत आहेस होय! मला वाटलं, बोलून बोलून श्वास संपला असेल तुझा!" मग ती वहिनीकडे वळली. "तुम्ही बायको ना ह्याची? कान शाबूत आहेत का, बाई? दुसरी लिफ्ट रिकामी असली तरी लोक ह्याच्या लिफ्टसाठी थांबायचे."

"हो ना," वहिनी म्हणाली, "घरीसुद्धा फार बोलतात." आणि खोटं बोलल्याने तिचा जास्तच जळफळाट झाला.

गच्चीत मुलगी कठड्याशी धावली, तशी वहिनी नवऱ्याकडे वळली.

"त्या म्हातारीला सांगायला पुष्कळ होतं. आल्यागेल्याला सांगायला होतं. माझ्या वाट्याला काय आलं? घड्या!"

भाऊजी गोंधळले. "अगं, पण तूच म्हणालीस ना."

"मी? मी काय म्हणाले?"

"लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा. मी काहीतरी रंगवून सांगत होतो, तू ऐकत राहिलीस, आणि कुणाच्या तरी कोटाची बाही जळली. म्हणालीस, इस्त्री गरम असताना तोंड बंद ठेवा."

"अहो, ते त्या दिवसापुरतं!"

"इस्त्री तर रोजच गरम असते."

"आणि रात्री? घरी?"

"दिवसभर गप्प राहिलं की रात्री सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही गं."

सकाळपासून वहिनी जिच्यावर मनातल्या मनात डाफरत होती, ती सवत दुसरी-तिसरी कुणी नव्हती, ती स्वतःच होती. तिने पदराने तोंड पुसलं. "त्या दिवशी कसली गोष्ट चालली होती?"

"लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरदेवाची."

"सांगा मग. मला अर्धीच कळलीय."

भाऊजींनी खाली जाताना सांगायला घेतली. लिफ्ट भरलेली होती. तिसऱ्या वाक्याला कोपऱ्यातला टाय लावलेला माणूस फसकन हसला, दारापाशीच्या दोन मुलींनी कान टवकारले. वहिनीने भाऊजींच्या दंडाला असा चिमटा काढला की ते कळवळले.

"बास. पुढचं घरी."

पुढचं त्यांनी परतीच्या गाडीत, मुलगी मांडीवर झोपल्यावर, तिच्या एकटीच्या कानात सांगितलं. आता दुकानातही ते बोलतात. कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक ऐकत रेंगाळलं, की वहिनी "अजून काही हवंय का?" म्हणून त्याला वाटेला लावते.

हल्ली इस्त्रीचं दुकान दुपारभर बंद असतं, आणि आतून वहिनीच्या हसण्याचा आवाज येतो.