मेथीच्या जुड्या

इंग्रजी अमदानीत भातकुलीच्या साक्षरता वर्गावर एक बाई देखरेख करत. आम्हा शिकवणाऱ्या शाळकरी मुलींच्या आधी येऊन त्या स्वतः सतरंजी अंथरत आणि खडू आपटत बजावत, "शिकणारीले हसायचं नाई, समजलं का?"

मी मॅट्रिकची, म्हणजे सरस्वतीची सख्खी बहीणच! भाजीवाल्या काकूंचा वाकडा 'क' पाहून फिदीफिदी हसले. काकू यायच्याच बंद झाल्या.

बाई मला रागावल्या नाहीत. थेट काकूंच्या मळ्यात घेऊन गेल्या. "काकू, हिले मेथीच्या जुड्या बांधाले शिकवा."

माझी एकेक जुडी सुटत गेली. बाईंनी तोंडाला पदर लावला.

शेवटी काकूच म्हणाल्या, "येतो मी उद्या वर्गाले. ही पोट्टी इथं राहिली तं माही मेथी कोनी घेनार नाई!"