चांदनीची पोरगी जिंको!

माझी सून शिल्पा बुद्धिबळाच्या राज्यस्पर्धेला जाऊ नये, असे उद्योग मी नकळत, पण मनापासून केले होते. ते फसले, यात माझं श्रेय काहीही नाही.

हे आज लिहून ठेवतो आहे, कारण बुऱ्हाणपुरात भलतंच पसरलं आहे. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणतात, "आबा, खिलाडू वृत्ती असावी तर तुमच्यासारखी!" मागच्या आठवड्यात तर एका कार्यक्रमात माझ्या अंगावर शाल घातली. भर उन्हाळ्यात! मी घामाने निथळत होतो आणि लोकांना वाटलं, आबा गहिवरले. आता मात्र सहन होत नाही. (गहिवरही आणि शालही.)

तर झालं असं. शिल्पा लग्नाआधी बुद्धिबळ खेळायची. मग लग्न झालं, शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली, नातू झाला आणि पट माळ्यावर गेला. यंदा नातू शाळेत जायला लागला, तसा तिनं तो पट खाली काढला, पुसला आणि एके दिवशी जेवताना हळूच म्हणाली, "जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत नाव दिलंय मी. पहिल्या दोघी राज्यस्पर्धेला जातात. बघते एकदा, अजून जमतं का."

एवढंच बोलली, पण बोलताना तिचे कान लाल झाले होते. मी आणि माझी बायको सुमन एकमेकांकडे बघतच राहिलो. इतक्या वर्षांत या मुलीनं स्वतःसाठी काही मागितल्याचं आम्हाला आठवेना.

मुलगा नीलेश नेमका केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला निघालेला. जाताना मला म्हणाला, "बाबा, शिल्पाला न्यायचं-आणायचं तुमच्याकडे. फक्त न्यायचं आणि आणायचं!"

मुलगा मला ओळखतो. मी काय करणार आहे ते त्याला माहीत नव्हतं, पण काहीतरी करणार आहे एवढं माहीत होतं.

स्पर्धा दोन दिवसांची, रोज तीन फेऱ्या. पहिल्या दिवशी मी शाळेच्या हॉलबाहेर इतर पालकांबरोबर बसलो. बुद्धिबळातलं मला फक्त हत्ती सरळ जातो एवढंच समजतं. पण केळीतलं समजतं! चाळीस वर्षं बहादरपुरात केळी केली आहे. केळीच्या खोडाभोवती पिलं फुटतात. ती वेळेवर कापली नाहीत, तर सगळा कस पिलंच खातात आणि घड बारीक राहतो. मी खिडकीतून आत पाहिलं. हॉल बायका-पोरींनी भरलेला. मनात म्हटलं, अरे बापरे, किती ही पिलं!

शिल्पा पहिला डाव जिंकली, दुसरा हरली, तिसरा जिंकली. तिसऱ्या डावात जिला हरवलं ती चांदनी गावची एक पोरगी होती, खुशी नावाची. पंधरा-सोळा वर्षांची असेल. ती पायरीवर बसून मुसमुसत होती आणि शेजारी तिचे वडील, भगवान पाटील, रुमाल कुणाच्या डोळ्यांना लावावा अशा पेचात उभे होते.

मला कोयता सापडला.

"पाटील," मी अगदी मायेनं म्हटलं, "पोरीचं मन मोडतंय हो. उद्या परत एवढ्या लांबून कशाला आणता?"

"पण आबा, अजून तीन डाव बाकी हायेत ना तिचे."

"अहो, ते नुसते हजेरीचे! निवड व्हायची ती आजच ठरली. लेकरू आहे, अभ्यास करू द्या."

"असं म्हणता?"

"मी एवढा म्हातारा माणूस, खोटं कशाला सांगू?"

(हे वाक्य आज लिहिताना मी दोनदा खोडलं.)

नुसतं एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मी त्या दोघांना माझ्या पिकअपमध्ये बसवून स्टेशनवर सोडलं, वाटेत पावशेर मावा जलेबी बांधून दिली, आणि गाडी हलल्यावर हातही हलवला. एक पील कमी झालं! परत येताना मी शीळ घालत होतो.

रात्रीच्या जेवणाला सुमननं भरीत केलं होतं. शिल्पा आनंदात होती. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आई, आता चांदनीची ती खुशी उद्या तिन्ही डाव जिंको, म्हणजे बरं होईल."

माझा घास हातातच राहिला. "ती कशाला जिंको? तिला तर तू हरवलंस!"

"म्हणून तर! बाबा, शेवटी दोघींचे गुण सारखे झाले ना, तर आपण ज्यांच्याशी खेळलो त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज करतात. जिची बेरीज मोठी, तिचा नंबर वर. सिंधीपुऱ्याच्या वर्षाताई माझ्याबरोबरच चालल्यात. बरोबरी होणार असं दिसतंय."

"म्हणजे ती पोरगी जितकी जिंकेल..."

"तितकी माझी बेरीज वाढेल. कच्च्या लोकांना हरवलं की पक्क्यांना, ते त्यावरून कळतं ना! मोठमोठे खेळाडूसुद्धा वर्षभर स्पर्धा खेळत गुणच गोळा करत फिरतात बाबा. तेव्हा कुठे अजिंक्यपदाच्या स्पर्धेत एक खुर्ची मिळते. आणि कधी कधी ती खुर्ची अर्ध्या गुणानं जाते."

"आणि समजा... ती खुशी उद्या आलीच नाही?"

"का नाही येणार? चांगली जिद्दीची पोरगी आहे. भरीत घेऊ का अजून थोडं?"

मी पाणी प्यायलो. सगळा तांब्या.

शिल्पा नातवाला झोपवायला गेली, तसा मी स्वयंपाकघरात सुमनसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. ती भांडी विसळायची थांबली.

"जलेबीसुद्धा दिलीत?"

"पावशेर."

"मला शेवटची जलेबी कधी आणलीत?"

"सुमन, ही वेळ आहे का हे विचारायची?"

"शिल्पाला एक शब्द कळता कामा नये. तिची झोप उडेल. उजाडलं की गाडी काढा आणि त्या पोरीला घेऊन या. पाया पडावं लागलं तर पडा. गुडघे दुखतात म्हणून सांगू नका!"

सकाळी सुमननं सुनेला सांगितलं, "शेतातली मोटर जळाली, बाबा तिकडे गेलेत. मी येते तुझ्याबरोबर." आणि मी पिकअप घेऊन चांदनीच्या रस्त्याला लागलो.

भगवान पाटील ओट्यावर दाढी करत होते. एक गाल साफ, एका गालावर साबणाचा फेस.

"पाटील, खुशीला घेऊन चला! स्पर्धा आहे!"

"आबा, तुम्हीच तं काल बोलले ना, पोरीले घरी न्या म्हणून!"

"काल बोललो ते विसरा."

"तुम्ही बोलले, खोटं कशाला सांगू."

"तेही विसरा!"

"मग आज काय झालं?"

आता याला काय सांगणार? मी म्हटलं, "रात्रभर विचार केला. पोरीत चमक आहे हो. अशी पोरगी घरी बसवणं म्हणजे पाप!" (शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं.)

तेवढ्यात खुशी दारात आली. दप्तर पाठीला, शाळेला निघालेली. म्हणाली, "आजोबा, मला तर यायचंच होतं. कालची चूक कुठे झाली ते पण मी शोधून काढलं. पण पप्पा बोलले, एवढ्या मोठ्या माणसाचं ऐकायला पाहिजे."

त्या क्षणी मला वाटलं, यापेक्षा हिच्या बापानं वस्तरा घेऊन माझ्या मागे लागावं, ते सोपं जाईल.

खुशी माझ्या शेजारी बसली, आणि पाटील मागे केळीच्या रिकाम्या क्रेटवर. फेस तसाच. वाटेत मला राहवेना. मी पोरीला सगळं खरं सांगून टाकलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "मतलब मी जिंकली तर शिल्पाताईंचा फायदा?"

"हो बेटा."

"और मेरा?"

"तुझाही. तुझाच आधी."

"ठीक आहे. दोघींसाठी खेळते. पण आजोबा, काल जलेबी थंडी होती."

पोहोचलो तेव्हा फेरी सुरू होऊन गेली होती. नियम असा की अर्ध्या तासात खेळाडू आला नाही, तर डाव गेला. पंच तिच्या रिकाम्या खुर्चीजवळ उभे राहून घड्याळाकडे बघत होते. खुशी दप्तरासकट धावत आत गेली आणि खुर्चीत बसली. मी भिंतीला टेकून देवाचं नाव घेतलं. मागून पाटीलही आले. अर्धी दाढी बघून दोन बायका बाजूला सरकल्या.

आणि खुशी तो डाव हरली!

मग मात्र मी कंबर कसली. मधल्या सुट्टीत तिला लिंबूपाणी आणलं, गरम जलेबी आणली, पुठ्ठा घेऊन वारा घालायला लागलो. तेवढ्यात शिल्पा हॉलमधून बाहेर आली.

"बाबा! मोटर झाली का दुरुस्त? मी जिंकले!"

"कोणती मोटर? हां हां, झाली, झाली. छान झालं. खुशी बेटा, अजून एक घोट घे!"

शिल्पा माझ्या हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली. सुमननं तिला ओढून नेलं. "ऊन लागलंय त्यांना," असं सांगताना मी ऐकलं.

पुढच्या फेरीत मी दारात उभा होतो. खुशीच्या पटावरून एक हत्ती उचलला गेलेला दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास!"

सगळा हॉल दचकला. पंच माझ्याकडे आले. "काका, तो हत्ती त्या मुलीचाच होता. तिचाच मेला."

"असं का? मग शाब्बास परत घेतो."

"तुम्ही बाहेर जा."

हत्ती गमावूनही खुशी तो डाव जिंकली. शिल्पाही जिंकली. शेवटच्या फेरीत शिल्पाची बरोबरी झाली आणि तिकडे सिंधीपुऱ्याच्या वर्षाताई जिंकल्या. पहिला नंबर केव्हाच भलतीनं नेला होता. दुसऱ्या जागेसाठी शिल्पा आणि वर्षाताई, दोघींचे गुण अगदी सारखे! आणि सगळ्या हॉलमध्ये एकच डाव उरला होता. खुशीचा. ती जिंकली तर शिल्पाची बेरीज वर जाणार. बरोबरी झाली किंवा हरली तर वर्षाताई जाणार.

मी बाहेर खिडकीच्या गजांना धरून उभा. शेजारी आणखी एक गृहस्थ त्याच गजांना धरून, त्याच पटाकडे डोळे लावून उभे.

"तुमची नात का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नात्यातली?"

"नाही. आम्ही हरवलंय तिला काल."

"मग तिच्यासाठी हात जोडताय ते?"

"ती जिंकायला पाहिजे हो! तुम्ही?"

"मी वर्षाचा मिस्टर. माझं उलटं आहे. पोरगी चांगली आहे, पण हरायला पाहिजे."

मग मी जलेबीचा पुडा पुढे केला. त्यांनी एक घेतली. एकाच पुड्यातली जलेबी खात दोन गृहस्थ एकाच देवाला उलट सुलट गोष्टी मागत होते. देवाची काय अवस्था झाली असेल!

आत खुशीनं एक प्यादं शेवटच्या घरात नेऊन ठेवलं. समोरच्या बाईंनी बराच वेळ पटाकडे पाहिलं आणि मग हार मानून हात पुढे केला.

मी वर्षाताईंच्या नवऱ्याला मिठी मारली. बिचारा! त्याला मिठी मारायला नको होती, पण जवळ तोच होता.

आत शिल्पा टेबलाशी तोंड झाकून बसली होती आणि सुमन तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग शिल्पा उठली, खुशीजवळ गेली आणि त्या पोरीला तिनं जे घट्ट कवेत घेतलं, ते बघून माझा चष्मा धुरकटला. भगवान पाटील अर्ध्या दाढीनं हसत होते आणि जो भेटेल त्याला सांगत होते, "आबा स्वतः आले सकाळी सकाळी! आपल्या सुनेच्या विरोधात खेळलेल्या पोरीले न्यायले! असा माणूस पाहिला नाही मी!"

बस, तिथूनच माझी खिलाडू वृत्ती गावभर झाली.

शालीच्या कार्यक्रमाहून घरी आल्यावर मात्र मला राहवलं नाही. शिल्पाला समोर बसवलं आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. पायरीवरच्या रडण्यापासून स्टेशनपर्यंत. ती ऐकत होती. मला वाटलं, आता ही माहेरी निघणार.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "राज्यस्पर्धेला तुम्ही माझ्याबरोबर चला."

"मी? एवढं सगळं ऐकून?"

"हो. माझा पुढचा डाव कुणाशी आहे ते मी तुम्हाला दाखवीन. तुम्ही आधी जाऊन तिच्या घरच्यांजवळ बसायचं आणि त्यांना सल्ला द्यायचा. तुम्हाला सुचेल तो."

"आणि डाव झाल्यावर?"

"डाव झाला की तिच्याशी अवाक्षर बोलायचं नाही!"

स्वयंपाकघरातून सुमन ओरडली, "मी बॅग भरते यांची!"

सत्तर वर्षं मी दिसेल त्याला सल्ला देत आलो. त्याचा नेमका उपयोग कुठे होऊ शकतो, हे ओळखणारं पहिलं माणूस म्हणजे माझी सून!