मडिवाळप्पा आणि माझा डावा हात

माझा डावा हात आजही शर्टाची बटणं लावतो, ताटातली वाटी उचलतो, तो भवानी पेठेतल्या एका मेकॅनिकमुळे. डॉक्टरांचं श्रेय मी नाकारत नाही. पण मला डॉक्टरांकडे धाडलं ते मडिवाळप्पांनी, आणि त्यासाठी बारा वर्षं बंद ठेवलेलं घरातलं एक दार त्यांनी माझ्यासमोर उघडलं.

साल चौऱ्याहत्तर. मी जिल्हा परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी होतो. एका आठवड्यात करकंब, दुसऱ्यात करमाळा, अशी शाळांची तपासणी राजदूत मोटारसायकलवरून चालायची. स्वभाव तापट. शिक्षक पाठीमागे मला 'फटाका' म्हणत, हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

त्या उन्हाळ्यात गाडीनं दगा दिला. मूठ पिळली की इंजिन किंचाळायचं, पण गाडी पुढे सरकायची नाही. सीना नदीच्या पुलाजवळच्या चढावर कडब्याचं ओझं घेतलेला एक सायकलवाला मला मागे टाकून गेला. त्याच दिवशी मी गाडी मडिवाळप्पांकडे आणली. वय पन्नाशीचं, कपाळावर विभूती, बोलणं कमी. घराच्या पुढच्या पडवीतच त्यांचं गॅरेज होतं. पडवीतून घरात जाणाऱ्या दाराला मात्र भरदुपारीही आतून कडी असायची.

ते गाडीवर बसले, दुसरा गियर टाकला, मागचा ब्रेक घट्ट दाबून धरला आणि मूठ पिळत क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असता तर इंजिन जागीच बंद पडलं असतं. ते आपलं घुरघुरत राहिलं.

"क्लच स्लिप व्हतोय," ते म्हणाले. मग हँडलवरचा क्लचचा लिव्हर त्यांनी अंगठ्यानं हलवून बघितला. "बगा, प्लेच न्हाय, जराबी ढील न्हाय. केबल लई ताणलीया. तुमी लिव्हर सोडला तरी आत प्लेटी पुऱ्या चिकटत न्हाईत."

नट सैल करून त्यांनी केबलला ढील दिली. लिव्हरच्या बुडाशी चार आण्याचं नाणं उभं शिरेल एवढी फट ठेवली आणि नट पुन्हा आवळला. प्लेटी चांगल्या आहेत, बदलायची गरज नाही, असंही त्यांनी सांगितलं.

आठ दिवसांत तोच प्रकार. पडवीत चारजण बसले असताना मी त्यांच्यावर खेकसलो, "एवढा साधा क्लच जमत नाही तुम्हाला?" त्यांनी पाना उचलला. क्लच पुन्हा लावून दिला, आणि या वेळी नटावरून खालच्या पत्र्यावर लाल रंगाची एक बारीक रेघ ओढली.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती रेघ तुटलेली होती. नट अर्धा फेरा फिरला होता.

"साहेब, ह्यो नट कोण फिरवतंय?"

मी चपापलो. फिरवत होतो मीच. त्यांनी ढील ठेवली की माझ्याकडून लिव्हर पुरता दाबला जायचा नाही, गियर खरखरायचा. म्हणून गावाबाहेर गाडी थांबवून मी केबल ताणून घ्यायचो. ताणली की थोडक्या दाबात काम भागायचं. "केबल जड आहे तुमची," मी फणकारून म्हणालो.

त्यांनी लिव्हर दोन बोटांनी अलगद ओढून दाखवला. मग माझ्या हाताकडे बघितलं. डाव्या करंगळीवर चार दिवसांपूर्वीचा फोड होता.

"ह्यो कशानं?"

"सायलेन्सरला लागला असेल. कळलं नाही."

"भाजलं आनि कळलं न्हाय?" त्यांनी जुन्या तुटक्या केबलमधून एक बारीक तार उपसली. "डोळे मिटा. शिवलं की सांगा."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी मुकाट्यानं डोळे मिटले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट मी बरोबर सांगितलं. मग बराच वेळ ते काहीच करेनात. वैतागून मी डोळे उघडले, तर तारेचं टोक माझ्या करंगळीत रुतलेलं होतं.

बाही वर करून त्यांनी दंडाखालचा फिकट चट्टा बघितला. मी त्याला साधं शिबं समजत होतो. कोपराच्या आतल्या बाजूला त्यांनी बोट दाबलं. तिथली शीर दोरीसारखी टणक लागली आणि कळ थेट मनगटापर्यंत गेली.

"साहेब, क्लचला कायबी झाल्यालं न्हाय. सरकारी दवाखान्यात जावा. उद्याच जावा."

कुष्ठरोगाच्या दवाखान्यात, हे मला न सांगता कळलं. रक्त डोक्यात चढलं. मेकॅनिकनं मेकॅनिकी करावी, असं काहीतरी मी बोललो. पण घरी बायकोला, मालतीला, काय सांगणार होतो? मुलीच्या, सरोजिनीच्या, लग्नाची बोलणी चालू होती. "लग्न होऊन जाऊ दे," मी शेवटी पुटपुटलो. "मग बघू."

हे ऐकून मडिवाळप्पा उठले. पडवीत त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी दारावर टकटक केली, कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले आणि आतली कडी निघाली.

आत त्यांची बहीण होती, गौरम्मा. नीटनेटकं पातळ, तेल लावून चोपून बसवलेले केस. दोन्ही हातांना बोटं जवळजवळ नव्हती. तिनं तळव्यांच्या बुडात कप धरून चहा आणला, थेंबही न सांडता माझ्यापुढं ठेवला.

"हिलाबी असाच चट्टा व्हता," मडिवाळप्पा म्हणाले. "भाकरी करताना हात भाजायचा, हिला कळायचं न्हाय. आई म्हनली दवाखान्यात न्हेऊ या. मी म्हनलो, लगीन होऊ दे, मग बगू." ते थांबले. "लगीनबी झालं न्हाय आनि हातबी गेले. मीच म्हनलो व्हतो."

गौरम्मा खाली बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. सव्वाचार वर्षं गोळ्या चालल्या. मालतीला पहिल्याच रात्री सांगितलं. ती रडली, मग सकाळी गोळ्यांचं वेळापत्रक स्वयंपाकघरात लावलं. सरोजिनीचं लग्न दोन वर्षं लांबलं, पण झालं. माझी करंगळी थोडी वाकडी राहिली आहे, बाकी हात शाबूत आहे. क्लचचा नट मी पुन्हा कधी फिरवला नाही.

एक गोष्ट मात्र मालतीलाही सांगितलेली नाही. गौरम्मानं पुढं केलेला तो चहा मी प्यालो नाही. माझ्या अंगात तोच रोग होता, आणि मला तिच्या हातचा कप तोंडाला लावायची किळस आली. मडिवाळप्पांनी ते बघितलं. त्यांनी माझा कप उचलला आणि बहिणीकडे पाहत सावकाश पिऊन टाकला.

उपचार संपल्यावर पेढे घेऊन भवानी पेठेत गेलो. पडवीतलं दार सताड उघडं होतं. गौरम्मा जाऊन दोन महिने झाले होते.