देवगिरीकर सर आणि पारवा धान

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्या मंचावर गेली चार वर्षं रोज सकाळी हजेरी लावतो, तिथल्या मंडळींना तर नाहीच नाही. मंगळवारी एका बाईला सांगितलं. तिला सांगून झाल्यापासून छाती इतकी हलकी झाली आहे की म्हटलं, आता लिहूनच टाकू.

आधी मी कोण, ते ऐका. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी., वनस्पतीशास्त्र. बाबांनी माझ्या गुणपत्रिकेला दोन वेळा लॅमिनेशन करून आणलं — एकदा केलेलं पातळ वाटलं म्हणून. कोहमाऱ्याच्या चौकात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जमीन नाही. बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत, धानाच्या शेतातल्या चिखलात उभे राहिले. मला त्याची लाज कधी वाटली नाही, आजही वाटत नाही. मग लाज कशाची वाटते? येतो तिकडे. जरा वळसा घालून येतो, एवढंच.

फोनवर धानाचा, म्हणजे भातशेतीचा, एक चर्चामंच आहे. जिल्हाभरातले लोक त्यावर आहेत. तुम्ही असल्या मंचावर असाल तर वेगळं सांगायला नको. कुणी तुडतुड्यावर औषध विचारलं की पहिलं उत्तर येतं, 'शोध घ्या, आधी चर्चा झाली आहे.' दुसरा गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात म्हणतो. तिसरा लिहितो, 'मी पूर्ण वाचलेलं नाही, पण मी सहमत नाही.' चौथा पुरावा मागतो. पाचवा मधेच जुनी मोटर विकायला काढतो. दुपारपर्यंत तुडतुडा बाजूला राहतो आणि गोंदियावाले शहाणे की भंडाऱ्यावाले, यावर दोघं जण मंच सोडून जातात. संध्याकाळी परत येतात. आणि तुडतुडा? तो धान खाऊन राहिला असतो.

मी तिथं अभ्यास करून लिहायचो. तर एका गृहस्थाने विचारलं, तुझी बांधी किती? मी खरं सांगितलं. 'मग धानावर कशाला बोलतोस?' खाली हसऱ्या तोंडांची रांग. मी दुकानात बसून ती तोंडं मोजली — माझ्याकडूनच फॉर्म भरून नेणारे त्यात किती, तेही मोजलं.

त्याच दिवशी प्रा. वि. ना. देवगिरीकर जन्माला आले. निवृत्त, वय बहात्तर, बारा एकर. आडनाव मुद्दाम लांबचं घेतलं. आपल्याकडच्या आडनावाचा प्राध्यापक असता तर त्यालाही बांधी विचारली असती. फोटोच्या जागी पिंपळाचं पान लावलं. मी काही लिहायचो आणि थोड्या वेळाने सर खाली लिहायचे, 'तरुण मित्राने योग्य मुद्दा मांडला आहे.' बस. एवढ्यात मी शहाणा झालो.

गंमत वाटते ना? मलाही वाटायची. लोक सरांना गुडघेदुखी विचारू लागले, मुलीसाठी आलेलं स्थळ विचारू लागले. एकाने लिहिलं, सर मला शिकवायला होते, फार मारायचे, म्हणून आज मी इथवर आलो. मी काय लिहिणार? सरांनी त्याला ओळखलं, आशीर्वाद दिला. एकदा घाईत माझं आणि सरांचं मत उलटसुलट पडलं. साऱ्या मंचाने मला झापलं — सरांची माफी माग. मी मागितली. सरांनी मोठ्या मनाने माफ केलं, तेव्हा लोकांनी सरांना हात जोडले. मला कुणी एक अंगठासुद्धा टाकला नाही.

इथपर्यंतच असतं तर मी हे लिहिलं नसतं. हसून सोडून दिलं असतं.

तीन वर्षांपूर्वी, पेरणीच्या आधी, मी एक मोठा लेख टाकला — जिल्ह्यातले जुने धान. त्यात ठणकावून लिहिलं की 'पारवा' नावाचा धान संपला. टरफलाचा रंग पारव्याच्या पाठीसारखा करडा, म्हणून पारवा. लोक वाहवा करत होते. तेवढ्यात खाली एका बाईने लिहिलं, 'नाही जी दादा, माझ्या घरी आहे.' आणि फोटो टाकला. चुलीच्या वर, आड्याला टांगलेली लोंब्यांची जुडी.

ती तुळसाबाई. सौंदडजवळच्या एका खेड्यातली. कापणीच्या आधी बांधीत फिरून चांगल्या लोंब्या हाताने निवडायच्या, जुडी बांधायची आणि चुलीवर टांगायची, म्हणजे धुराने कीड लागत नाही — सासूने शिकवलेलं. तिने लिहिलं की एक बांधी ती याच धानाला ठेवते. दिराची इच्छा नसते. पण लोक बियाणं मागायला आले तर तोही मानेल. ज्याला पाहिजे त्याने मूठभर न्यावं, बदल्यात दुसरं जुनं बियाणं द्यावं. खाली भराभर नावं पडू लागली — मला पाहिजे, मला पण.

आणि माझा लेख? तो वर तसाच होता. संपला म्हणून लिहिलेला धान खाली चुलीवर लटकत होता. मी आनंदाने उडी मारायला हवी होती ना? वनस्पतीशास्त्र शिकलेल्या माणसाने दुसरं काय करायचं असतं? मी सरांना बोलावलं.

सरांनी लिहिलं, 'हा रंग जातीचा नाही. चुलीच्या धुराचा आहे.'

झालं. ज्यांनी नावं दिली होती तेच हसू लागले. कुणी लिहिलं, बाई, माझ्या घरी काळी भिंत आहे, तिचं बियाणं पाहिजे काय. तासाभराने तुळसाबाईचा दुसरा फोटो आला. मूठभर धान तिने पाण्यात चोळून धुतला होता आणि ताटलीत ठेवला होता. टरफलं करडीच. स्वच्छ, सारखी, करडी.

तो फोटो पाहिला त्या क्षणी मला कळलं. आता कबुली ही — मला कळलं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला, टरफलाचं टोक पाहिलं, आणि बाई खरं बोलते आहे, हा पारवाच आहे, हे ओळखलं. त्यानंतर मी सरांच्या खात्यातून लिहिलं, 'ओला धान असाच दिसतो.'

चूक नव्हती ती. ठरवून केलं.

तिने एकच ओळ लिहिली, 'माझी सासू खोटं बोलत नव्हती जी.' आणि ती मंच सोडून गेली. ती परत आली नाही. ज्या बाईने पुरावा मागितल्याबरोबर खरोखर पुरावा आणून ठेवला, अशी त्या मंचावर तीच पहिली आणि तीच शेवटची.

पुढं मला सर नकोसे झाले. या श्रावणात मी त्यांना मारून टाकलं — त्यांच्याच खात्यावर, मुलाच्या नावाने, झोपेत शांतपणे. श्रद्धांजल्यांचा पूर आला. सरांचा तो विद्यार्थी कविता घेऊन आला. एकाने लिहिलं, अंत्ययात्रेला मी होतो, पाय ठेवायला जागा नव्हती. मग ठरलं की सरांच्या नावाने पुरस्कार काढायचा, जुन्या बियाण्यासाठी झटणाऱ्या माणसाला. शाल, नारळ, गोंदियाला कार्यक्रम. आणि पहिला पुरस्कार एकमताने कुणाला? सरांच्या तरुण मित्राला.

ती शाल अंगावर घेणं मला जमलं नसतं. मंगळवारी दुकान बंद केलं आणि गाडी सौंदडकडे काढली.

तुळसाबाई घरामागच्या वाडीत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, दोन्ही फोटोंसकट. पाठ केलेलं होतं, तरी अडखळलो. तिने हातातली लोंबी खाली ठेवली.

"म्हंजे तो मास्तर तूच?"

"हो."

"मंग मेला कोन?"

"कोणीच नाही, बाई."

ती मटकन बांधावर बसली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिने दिल्याही असत्या, पण तिचं भलतंच चाललं होतं. "त्या मास्तरले मी रोज चुलीपुढं शिव्या देत होतो, बापू. मरन येवो म्हनत होतो. पुतन्यानं फोनवर दाखवलं, मास्तर मेला. तवापासून माले वाटे, माझ्याच शिव्या लागल्या. बुढ्या मानसाले मारलो मी." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला. "नाही मेला ना कोनी? बरं झालं."

बघा. धान तर मी बुडवलाच होता, वर या बाईच्या डोक्यावर तीन महिने एका माणसाचं मरण ठेवलं होतं. जो माणूस नव्हताच त्याचं.

मग ती म्हणाली, "शिव्या तं खऱ्या मानसालेच लागाले पाहिजे होत्या." हे मात्र माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने. मी मान हलवली.

बांधीचं मी विचारलं. तिने मंच सोडला त्याच पावसाळ्यात दिराने तिथं दुकानातलं बियाणं टाकलं. कुणी मागायलाच आलं नाही, तर ती कोणत्या तोंडाने अडवणार? पारवा आता वाडीत चार ओळी आहे, पावसाच्या पाण्यावर, कोंबड्यांपासून काट्या लावून राखलेला. त्यातल्याच लोंब्या ती निवडत होती.

पुरस्कार मी नाकारला आहे. हे सगळं आज माझ्या नावाने मंचावरही टाकतो आहे, नावाखाली बी.एस्सी. लिहून, ती पदवी माझीच आहे आणि हे कर्मही. कुणी पुरावा मागेल, कुणी न वाचता असहमत होईल, सरांचा विद्यार्थी बहुतेक मलाच खोटं ठरवेल. ठरवू दे. फार दिवसांनी मी एकाच माणसाच्या नावाने बोलतो आहे, आणि त्यात किती सुटल्यासारखं वाटतं ते सांगता येत नाही.

निघताना वाडीतल्या त्या चार ओळी उन्हात उभ्या होत्या, करड्या. मी बियाणं मागितलं नाही. तिनंही दिलं नाही.