तपासलं नाही, असं लिहून द्या

डॉक्टरांनी मला हात लावला नाही. पेनाच्या टोपणाने ब्लाउजवरूनच छातीतली गाठ एकदा दाबली आणि खुर्ची मागे सरकवली.

"खिडकी उघड गं," ते मदतनीस मुलीला म्हणाले, "मच्छीमार्केट आत आलंय." ती हसली. मग माझ्याकडे न बघता, "दूध साचलंय. पाजत राहा. तुम्हा लोकांना मोबाइलवर वाचून घाबरायची सवयच लागलीये."

केबिन रोडवरचा तो दवाखाना. बाजार आटोपून, मासळीची पाटी बाहेर ठेवून, दोनदा साबणाने हात धुऊन मी आत गेले होते. मी पदवीधर आहे. लग्न होऊन किनाऱ्यावरच्या पालीला आले आणि सासूबाईंच्या जागेवर मासळी विकायला बसू लागले. हे डॉक्टरांना सांगावेसे वाटले. सांगितले नाही. "थँक्यू सर," म्हणाले. त्या दोन शब्दांची लाज आजही जात नाही.

मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. गाठ वाटाण्याएवढी, न दुखणारी. सासूबाईंचेही मत तेच. "दूद गोठलंय गो, दुसरा काय न्हाय," म्हणत त्या तव्यावर खडे मीठ तापवायच्या आणि फडक्यात बांधून शेक द्यायच्या. आमच्याकडे बाळंतिणीची गाठ मिठाच्या पुरचुंडीने विरते. शेजारणींच्या विरल्या होत्या. पाच आठवडे मी शेकत राहिले. कातडी भाजली. गाठ वाढली.

सासूबाईंनी निदान बोटांनी चाचपले तरी होते.

पुन्हा त्याच खोलीत गेले. "दूध येतंय ना अजून? मग झालं तर," डॉक्टर म्हणाले. पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

मी उठले नाही.

"सर, तपासलं नाही असं लिहून द्या."

"काय?"

"तुमच्या कागदावर. पेशंटने गाठ सांगितली, हात लावून तपासलं नाही. खाली सही."

आत येणारी पुढची पेशंट दारातच थबकली.

"मॅडम बऱ्याच शिकलेल्या दिसतायत!"

"हो."

त्यांनी पुन्हा घंटी वाजवली. तरी बसून राहिले. शेवटी त्यांनी चिडून कागद ओढला आणि सोनोग्राफी लिहून दिली.

सोनोग्राफीनंतर गाठीचा तुकडा तपासला. कर्करोग. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर आलात." लवकर! मला हसू आले, मग ते थांबेना.

शस्त्रक्रिया झाली. केमो चालू आहे. मुलीचे अंगावरचे दूध तोडावे लागले. ती पदराला झोंबते, मी तिला दूर सारते, ती माझ्याकडे अनोळख्यासारखी बघते. नवरा पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतो आणि बाहेर जाऊन बसतो. "माज्या शेकानंच रोग वाडला काय गो?" सासूबाई रोज विचारतात. नाही म्हटले तरी त्यांना पटत नाही. मी वाचेन का, हे कुणी छातीठोक सांगत नाही.

परवा नणंद आली. "वहिनी, गावात पोटाचं ऑपरेशन म्हणून सांग हां. उद्या तुझ्या पोरीचं लग्न करायचंय."

आठ महिन्यांपूर्वी मी मुकाट मान डोलावली असती.

"स्तनाचा कर्करोग," मी म्हणाले. घरात हा शब्द पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला गेला. "जी विचारेल तिला हेच सांगेन. बाजारात, जागेवर बसून. आणि मेले, तर पोटाच्या आजाराने मेले असे कुणी म्हणायचे नाही."