अकराव्या मजल्यापर्यंतचं इंग्रजी

बावीस वर्षं तो माणूस एका पेटीत उभा राहून लोकांना वर नेत होता आणि खाली आणत होता. अकरा मजल्यांची जुनी इमारत, मजल्यामजल्यावर कचेऱ्या, आणि मधोमध ती लिफ्ट. तिला सरकतं जाळीचं दार, पितळी दांडा आणि कोपऱ्यात एक स्टूल. सगळे त्याला काका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही.

एके दिवशी इमारतीच्या मॅनेजरने काकांना बोलावलं आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं. जूनपासून बटणांची लिफ्ट येणार, चालवायला माणूस लागणार नाही. शाळेची शेवटची परीक्षा पास असाल तर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये टेबल देऊ, नसाल तर रामराम. आता गंमत बघा. काका त्या परीक्षेला दोन वर्षांपासून बाहेरून बसत होते, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपली जुनी हौस. बाकीचे सगळे विषय सुटले होते. घोडं अडलं होतं ते इंग्रजीवर.

पैशाची तशी फिकीर नव्हती. एकट्याला लागतं किती? घर स्वतःचं होतं. पण ते घर खायला उठायचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लांब दिली होती. ती दर रविवारी न चुकता दहा मिनिटं फोन करायची, त्यातली सात मिनिटं गोळ्या वेळेवर घेता की नाही यातच जायची. सकाळी उठायचं आणि कुठेच जायचं नाही, हा विचारच काकांना नको वाटायचा. तळघर तर तळघर, पण याच इमारतीतलं. म्हणून पास व्हायलाच हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. परीक्षा आहे, एवढंच सांगितलं. कीव केलेली त्यांना खपायची नाही.

घरी पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती समोर बसून राहायची. एवढ्या शांततेत काकांचं डोकंच चालायचं नाही. चालायचं ते लिफ्टमध्ये. मग त्यांनी सरळ वही स्टुलाखाली ठेवली आणि जो चढेल त्याला विचारायला सुरुवात केली. लाज कसली? चढणारा माणूस तसाही कुठे पळून जाणार होता!

चौथ्या मजल्यावरचे वकील मोठे हौशी. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी निवांत येतं आणि इंग्रजीतलं कर्त्याच्या पाठोपाठ धावतं, हे त्यांनी इतकं झकास समजावलं की काका दोन दिवस तेच घोळवत होते. पण वकिलांचा मजला चौथा. नियम सांगून व्हायचा, "फक्त याला अपवाद असा की" म्हणेपर्यंत दार उघडायचं आणि साहेब चालते व्हायचे. सहाव्या मजल्यावरच्या टायपिस्ट मुली टेन्स घ्यायच्या, तेही खिदळत. एकीने भूतकाळ करायला सांगावं, दुसरीने तिचीच चूक काढावी, आणि भांडण मिटायच्या आत सहावा मजला यावा. पंधरा दिवसांनी काकांच्या वहीत नियम भरपूर होते आणि अपवाद एकही नव्हता. खालच्या मजल्यांवरून शिकलं की असं होतं!

हे पहिल्यांदा ओळखलं ते अकराव्या मजल्यावरच्या बाईंनी. त्या कागदपत्रांचं भाषांतर करायच्या. वय काकांच्याच आसपास, चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं मोजकं. त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, हे सगळं अर्धं आहे. त्या दिवसापासून त्या सकाळी एक नियम द्यायच्या आणि संध्याकाळी उतरताना त्याचे अपवाद घ्यायच्या. अकरा मजले म्हणजे त्या जुन्या लिफ्टला चांगली दीड मिनिटं लागायची. दीड मिनिटात बाई काय काय बसवायच्या! उत्तर बरोबर आलं तर नुसती मान हलवायच्या. त्या मान हलवण्यासाठी काका दिवसभर वाट बघायचे, हे लपवण्यात अर्थ नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कर्तरीचं कर्मणी करणं काही केल्या जमेना. तळमजला आला, काकांनी दार उघडलं, पण बाई उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, "चला परत वर." दोघांनाच घेऊन लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. तिसऱ्या फेरीला दहाच्या दहा वाक्यं बरोबर आली. बायको गेल्यानंतर काकांसाठी कुणी एवढा वेळ काढला नव्हता. हे बाईंना सांगावं असं त्यांच्या फार मनात आलं, पण त्यांनी दार उघडलं आणि सावकाश जा म्हणाले, झालं.

परीक्षेत मात्र पंचाईत झाली. काकांना सवय उत्तर मोठ्याने म्हणायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. पहिलंच वाक्य पुरं झालं तसं ते पुटपुटले आणि मान वर करून शेजारच्या बाकाकडे बघू लागले. शेजारी सोळा वर्षांची मुलगी. ती घाबरून कागद झाकून बसली. पर्यवेक्षकांनी एकदा समज दिली, दुसऱ्यांदा काकांना उचलून शेवटच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसवलं. पन्नाशीचा माणूस, कॉपी करतो म्हणून कोपऱ्यात! कानाच्या पाळ्या तापल्या. भिंतीला ना चेहरा ना मान. काकांनी डोळे मिटले, मनातल्या मनात जाळीचं दार ओढलं आणि बाईंना शेजारी उभं केलं. मग एकेका प्रश्नाला एकेक मजला असं करत पेपर पुरा केला.

निकाल जूनमध्ये लागला. शंभरात एकेचाळीस. पास! मॅनेजरने शब्द पाळला, रेकॉर्ड रूमची किल्ली हातात दिली. काकांनी तळघरातलं टेबल पुसलं, खुर्चीला उशी बांधली आणि वाट बघत बसले. कुणाची, ते त्यांनाही कळेना. तिथे जुन्या फायली होत्या आणि फायली मागायला महिन्यातून दोनदा एखादा शिपाई यायचा. वर नवी लिफ्ट सुरू झाली होती. लोक बटण दाबायचे आणि सरळ जायचे. ज्या इमारतीसाठी एवढा आटापिटा केला, त्याच इमारतीत बसून काकांच्या तोंडून दिवसभरात चार शब्द निघेनासे झाले. घर निदान संध्याकाळनंतर खायला उठायचं. हे तर सकाळी दहापासून.

तीन आठवडे गेले. एका दुपारी इमारतीच्या दारातच बाई भेटल्या. पास झाल्याचं सांगायला काकांनी इंग्रजीत एक अख्खं वाक्य तयार करून ठेवलं होतं, रोज घोटत होते. पण बाईच आधी बोलल्या. लिफ्ट बंद झाल्यावर यांना तळघरात बसवलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्या जागेचा आणि परीक्षेचा काही संबंध असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "काका, निकालाचं काय झालं हो?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. पास झालो म्हटलं की त्या मनापासून आनंदतील, छान म्हणतील आणि बटण दाबून वर जातील. त्यापुढे बोलायला काय उरणार होतं? घोटलेलं वाक्य काकांनी गिळलं.

"तीन मार्कांनी राहिलं, बाई."

आयुष्यात खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. आवाज कापला, आणि नेमका त्यामुळेच खरा वाटला. बाईंनी चष्मा खाली सोडला. मग म्हणाल्या, "तीनच ना? उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत वर या. आता घाई नाही, अगदी पहिल्यापासून काढू."

दुसऱ्या दिवशी काका दाढी करून, स्वच्छ सदरा घालून अकराव्या मजल्यावर गेले. बाईंनी दुसऱ्या खुर्चीवरचे कागद उचलून जागा केली होती. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, अगदी सोपा, वर्तमानकाळाचा. उत्तर काकांच्या जिभेवर होतं. काकांनी विचार केल्यासारखं केलं आणि चुकीचं सांगितलं.